शब्दांची संगत : जपानी विद्यार्थी आणि प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपली सारी हयात एका जिल्ह्याच्या गावी इंग्रजी शिकविण्यात वेचली. आणि त्यांच्या मेजावर सदैव उघडा असणारा जो कोश त्यांच्या विद्यार्थ्यांना आजही आठवतो, तो ऑक्सफर्डचा म्हणून ओळखला जात असला तरी त्याची घडण तोक्योत झाली, आणि ती मुळात जपानी विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून झाली, ही हकीकत आपल्यापैकी अनेकांना नवी वाटण्याचा संभव आहे. आजचा विषय मी निवडला तो या कारणाने. जपानी भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्याने इंग्रजीचा प्रगत शब्दसंग्रह कसा संपादन करावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी आपल्या मुलखापासून फार दूरचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधताना तिकडे जे कोश आणि ज्या पद्धती निर्माण झाल्या त्यांचा उपयोग आपण पाऊण शतक बिनदिक्कत करीत आलो आहोत, आणि त्या कोणत्या अडचणीतून निघाल्या याची विचारपूस मात्र आपण क्वचितच केली आहे.

जपानचा इंग्रजीशी पहिला पद्धतशीर संबंध आला तो भीतीपोटी. १८०८ साली 'फेटन' नावाची ब्रिटिश युद्धनौका डच निशाण लावून नागासाकीच्या बंदरात शिरली, देजिमा येथील डच वखारीची माणसे तिने ओलीस धरली आणि अन्नपाणी उकळून ती निघून गेली. बंदराच्या बंदोबस्ताची जबाबदारी ज्या अंमलदारावर होती त्या मात्सुदाइरा यासुहिदे याने या नामुष्कीचे प्रायश्चित्त म्हणून आपले पोट चिरून घेतले. त्यानंतर शोगुनच्या दरबारातून नागासाकीच्या दुभाष्यांना हुकूम सुटला, की त्यांनी इंग्रजी शिकावे. हे दुभाषे वंशपरंपरागत. आपल्याकडील कुलकर्ण्यांच्या वतनाप्रमाणे त्यांचा पेशा बापाकडून मुलाकडे चालत येई, आणि त्यांची विद्या डच भाषेची. देजिमातील यान कॉक ब्लॉमहॉफ या डच अधिकाऱ्याकडून जेवढे मिळेल तेवढे पदरात पाडून घेऊन त्यांनी १८१४ साली सुमारे ६,००० शब्दांचा इंग्रजी-जपानी कोश हस्तलिखित रूपाने सिद्ध केला. ज्यांना इंग्रज माणसाचा सहवास लाभला नव्हता त्यांच्या या कोशात उच्चारांना डच वळण लागले, यात नवल ते काय? इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असा शिक्षक दुभाष्यांना मिळण्यास १८४८ साल उजाडावे लागले, आणि तोही आपण होऊन किनाऱ्यावर उतरलेला एक कैदी होता. रॅनल्ड मॅक्डॉनल्ड या तरुणाला नागासाकीत नजरकैदेत ठेवले असता त्याच्याकडून ज्या चौदा दुभाष्यांनी धडे घेतले, त्यांपैकी मोरियामा एइनोसुके हा पुढे अमेरिकन आरमाराच्या कमोडोर पेरीबरोबरच्या वाटाघाटींत जपानच्या बाजूने उभा राहिला.

पुढचा इतिहास झपाट्याचा आहे. ओसाकातील पाठशाळेत वर्षानुवर्षे डच भाषेची उपासना केलेला फुकुझावा युकिची १८५९ साली नव्याने खुल्या झालेल्या योकोहामा बंदरात गेला, तेव्हा दुकानांवरच्या पाट्या त्याला वाचता येईनात, कारण त्या इंग्रजीत होत्या. त्याने निराशा एका बाजूला सारून नव्या भाषेचा श्रीगणेशा केला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेहून परतताना वेबस्टरचा कोश बरोबर आणला. १८६२ साली होरी तात्सुनोसुके याच्या देखरेखीखाली छापील इंग्रजी-जपानी कोश बाहेर पडला. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या २००, आणि त्याची उभारणी इंग्रजी-डच कोशावर. त्याच्या नावाचा अर्थ अंगरख्याच्या बाहीत मावणारा असा होता, तरी पुढील आवृत्त्यांचा आकार पाहून लोक त्याला उशी-कोश म्हणू लागले.

या ठिकाणी आपल्या परिस्थितीशी थोडी तुलना करणे अवश्य आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, म्हणजे होरीच्या कोशाहून तीस वर्षांनी वडील. परंतु तो राज्यकर्त्याला रयतेची भाषा कळावी म्हणून रचलेला होता. आपल्याकडे इंग्रजी आली ती अंमलाबरोबर. कचेरीतील कारकुनाने, कोर्टातील वकिलाने, रेल्वेच्या स्टेशनमास्तराने ती वापरीत वापरीत आत्मसात केली, तिच्यात चुका केल्या, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, आणि अशा रीतीने 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड' यासारख्या वाक्यांशांची एक अखंड साखळी त्याच्या जिभेवर बसली. जपानवर इंग्रजांचे राज्य कधी आले नाही. १८७२ साली मोरी आरिनोरी या मुत्सद्द्याने साधी-सोपी केलेली इंग्रजीच जपानने स्वीकारावी अशी कल्पना काढली, तेव्हा अमेरिकेतील भाषापंडित व्हिटनी याने तिला विरोध दर्शविला आणि बाबा तात्सुई या जपानी तरुणाने लंडनमध्ये जपानी भाषेचे व्याकरण छापून प्रत्युत्तर दिले. ती तजवीज तेथेच बारगळली. जपानच्या स्वभाषेचे हे केवढे भाग्य! पण त्याची दुसरी बाजू अशी, की जपानी माणसाला इंग्रजी शब्द भेटला तो मुख्यतः कोशाच्या पानावर, एकटा, आपल्या गणगोतापासून तुटलेला. प्रगत शब्दसंग्रहाच्या संबंधात जपानी विद्यार्थ्याची जी अडचण आपण पुढे पाहणार आहोत तिचे मूळ, माझ्या मते, येथे आहे. शब्दांची संख्या त्याला कधीच कमी पडली नाही. कमी पडली ती शब्दांची संगत.

या एकाकीपणाला अध्यापनाच्या पद्धतीनेही हातभार लावला. चिनी ग्रंथ वाचण्याची जपानची जुनी रीत अशी, की मूळ चिनी ओळीच्या बाजूस बारीक खुणा कराव्यात आणि त्या खुणांच्या आधारे शब्दांचा क्रम उलटसुलट करून ती ओळ जपानीत वाचावी. संस्कृत श्लोकाचा अन्वय लावणाऱ्या आपल्या शास्त्रीबोवांना ही रीत ताबडतोब ओळखीची वाटेल. इंग्रजी आल्यावर तीच रीत तिला लागू झाली. विद्यार्थ्याने इंग्रजी शब्दांवर आकडे घालावेत, त्या आकड्यांच्या क्रमाने जपानी प्रतिशब्द मांडावेत आणि जपानी वाक्य जुळले म्हणजे काम झाले असे समजावे. या व्यायामाने बुद्धीला धार येते याबद्दल मला शंका नाही, आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या माणसाने भाषांतराची निंदा करणे शोभणारही नाही. परंतु पाठमालेत विद्यार्थ्याला मराठीतून इंग्रजीत जावे लागे, निम्मी मेहनत त्या दिशेने होई. जपानी वर्गात मात्र प्रवास बहुधा एकेरी होता, आणि जपानी वाक्य सिद्ध होताच इंग्रजी शब्दाचे प्रयोजन संपत असे.

या पार्श्वभूमीवर साइतो हिदेसाबुरो या गृहस्थांची योग्यता ध्यानात येते. १८६६ साली जन्मलेल्या आणि १९२९ साली निवर्तलेल्या या असामान्य शिक्षकाने १८९६ साली तोक्योत स्वतःची इंग्रजी शाळा काढली आणि उभे आयुष्य इंग्रजी शब्द एकमेकांशी कसे नांदतात हे पाहण्यात घालविले. त्यांचा १९१५ सालचा इंग्रजी-जपानी कोश नावापासूनच वाक्प्रचारांना प्राधान्य देणारा होता. एखादे शब्दयोगी अव्यय घ्यावे आणि त्याच्या संसाराची सबंध बखर लिहावी, हा त्यांचा खाक्या. त्यांच्या मार्गातील दोष सांगायचा तर तो असा, की त्यांचा आधार ग्रंथांतील इंग्रजीवर होता आणि ते ग्रंथ पुष्कळदा जुने होते. पण शब्दांची संगत हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, ही गोष्ट जपानात त्यांनी प्रस्थापित केली.

साइतोंनी नांगरून ठेवलेल्या या भूमीत १९२२ साली हेरल्ड पामर हा इंग्रज आला. शिक्षणतज्ज्ञ सावायानागी मासातारो यांच्या निमंत्रणावरून शिक्षण खात्याचा भाषाविषयक सल्लागार म्हणून तो रुजू झाला, पुढच्याच वर्षी तोक्योत त्याने इंग्रजीच्या अध्यापनाचे संशोधन करणारी संस्था स्थापन केली, आणि १९३६ साली परत जाईपर्यंत तो तिचा सूत्रधार होता. पामर मौखिक पद्धतीचा कट्टर पुरस्कर्ता. आरंभी कोणते शब्द शिकवावेत आणि कोणते मागे ठेवावेत, याची निवड करण्याचे काम त्याने हाती घेतले. पण निवड करू लागताच त्याच्या ध्यानात आले की विद्यार्थ्याचा घात सुट्या शब्दांनी होत नाही, शब्दांच्या जोडण्यांनी होतो. १९३३ साली त्याने इंग्रजीतील अशा रूढ जोडण्यांवर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. इंग्रज माणूस कडक चहाला 'स्ट्राँग' म्हणतो आणि मुसळधार पावसाला 'हेवी' म्हणतो; याला व्याकरणाचा नियम नाही आणि तर्कशास्त्राचाही नाही. जपानीत चहा दाट असतो. जपानी माणूस औषध पितो, मग ते गोळीच्या रूपात का असेना. म्हणून जपानी विद्यार्थी इंग्रजीतही औषध 'ड्रिंक' करतो. लहान खोलीला तो 'नॅरो' म्हणतो, कारण त्याच्या भाषेत अरुंद आणि लहान या दोन्ही कल्पना एकाच विशेषणात सामावतात. गंमत अशी, की जपानी माणूस आपल्यासारखाच स्वप्न पाहतो. इंग्रजाला ते नुसते 'असते'. अशा चुका करणाऱ्या विद्यार्थ्याला सर्व शब्द येत असतात हे लक्षात घ्यावे. त्याचा शब्दसंग्रह दुप्पट केला तर त्याच्या चुका दुप्पट होतील एवढेच.

याच काळात, योगायोगाने, आपल्या बाजूला बंगालमध्ये मायकेल वेस्ट नावाचा शिक्षणाधिकारी दुसऱ्या टोकाकडून त्याच प्रश्नाशी झटत होता. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचा हा प्रमुख. बंगाली विद्यार्थ्याला बोलण्यापेक्षा वाचता येणे अधिक अगत्याचे आहे, आणि त्यासाठी त्याच्या हाती अल्प शब्दांत लिहिलेली पुस्तके पडली पाहिजेत, असे त्याचे मत होते. १९३५ साली त्याने सहकाऱ्यासह जो कोश काढला, त्यात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत दिलेले होते. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये कार्नेगी संस्थेच्या आश्रयाखाली परिषद भरली, तेव्हा ढाक्याचा वेस्ट आणि तोक्योचा पामर एका मेजाभोवती बसले, आणि त्या विचारविनिमयातून निघालेली सुमारे २,००० शब्दांची यादी १९५३ साली वेस्टच्या नावावर प्रसिद्ध झाली. दोघांत मतभेद होते आणि ते असणे स्वाभाविक होते. वेस्टच्या डोळ्यांपुढे वाचणारा विद्यार्थी होता, पामरच्या डोळ्यांपुढे बोलणारा. मला विचाराल तर, आरंभीच्या पायऱ्यांवर वेस्टचे म्हणणे अधिक व्यवहार्य आहे; वरच्या पायऱ्यांवर मात्र पामरखेरीज गत्यंतर नाही.

आणि आता आरंभी उल्लेखिलेल्या त्या कोशाची कथा. आल्बर्ट सिडनी हॉर्नबी हा इंग्रज तरुण १९२४ साली क्यूशू बेटावरील ओइता येथे वाणिज्य विद्यालयात वाङ्मय शिकविण्यासाठी आला, आणि विद्यार्थ्यांना वाङ्मयापूर्वी भाषाच हवी आहे असे आढळल्यावर तो पामरच्या संशोधनाकडे ओढला गेला. पामर परतल्यानंतर ते कार्य त्याच्या अंगावर पडले. गेटनबी आणि वेकफिल्ड या दोन सहकाऱ्यांसह त्याने केवळ परदेशी विद्यार्थ्यासाठी असा एक कोश रचण्यास घेतला, की ज्यात शब्दाचा अर्थ तर असेलच, पण शब्द कसा चालवावा हेही असेल. क्रियापदांचे पंचवीस साचे त्याने ठरविले आणि प्रत्येक क्रियापदापुढे कोणता साचा लागू पडतो त्याचा आकडा घातला. नाम मोजता येण्याजोगे आहे की नाही, याची खूण त्याने नामापुढे केली. इंग्रज मुलाला या माहितीची बिलकूल गरज नसते, म्हणून इंग्रजांच्या कोशांत ती पूर्वी सापडत नसे. ज्या भाषेत अनेकवचनाचा प्रत्यय सहसा लागत नाही आणि उपपद मुळीच नाही, त्या भाषेच्या विद्यार्थ्याला मात्र 'इन्फर्मेशन' या शब्दाला एस लागत नाही हे कोणी सांगितल्याशिवाय कसे कळावे? (आणि आपल्या कचेऱ्यांतील कागदपत्र पाहता, ते आपल्यालाही सांगावे लागते.) हा कोश पुरा झाला आणि युद्ध पेटले. १९४१च्या डिसेंबरात हॉर्नबी स्थानबद्ध झाला. पुढच्या वर्षी त्याची मायदेशी रवानगी झाली. आणि त्याच १९४२ साली, जपान व इंग्लंड परस्परांचे हाडवैरी असताना, तोक्योच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने तो इंग्रजी कोश छापून प्रसिद्ध केला. युद्धानंतर १९४८ साली ऑक्सफर्डच्या छापखान्याने त्याचे पुनर्मुद्रण केले, १९५२ साली त्याला 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' हे नाव मिळाले, आणि त्या नावाने तो पुणे-नागपूरच्या पुस्तकांच्या दुकानांत आला.

इतके उत्तम साधन ज्या भूमीत जन्माला आले, त्या भूमीत युद्धोत्तर काळात विद्यार्थी कशाच्या मागे लागला? याद्यांच्या. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेने जपानच्या इंग्रजी शिक्षणाचा जणू मक्ताच घेतला. आकाओ योशिओ यांनी संपादिलेले, ओबुन्शा या प्रकाशनसंस्थेचे शब्दांचे चिमुकले पुस्तक विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांच्या खिशात होते. दाण्याएवढे म्हणून त्याला 'मामेतान' म्हणत. ते वर्णानुक्रमाने लावलेले असल्यामुळे त्याचा आरंभ 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणे, या शब्दाने होई, आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांचा अभ्यास त्याच शब्दावर संपे, हा विनोद जपानात सर्वतोमुखी आहे. १९६७ साली मोरी इचिरो या शिक्षकाने वर्णानुक्रम मोडून, परीक्षेत प्रत्यक्ष येणारे शब्द महत्त्वाच्या क्रमाने लावून नवे पुस्तक काढले. त्याचा पहिला शब्द 'इन्टलेक्ट', आणि खपाच्या दृष्टीने त्याने इतिहास घडविला. कोशाचे पान पाठ झाले की ते फाडून खाऊन टाकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आख्यायिका तिकडे ऐकू येतात. त्या खऱ्या असोत वा नसोत, त्यांतून त्या काळची मनोवृत्ती कळते.

या याद्यांची सामग्री पाहण्यासारखी असते. एक पद्धत कडीत ओवलेल्या चिठ्ठ्यांची: बोटभर लांबीच्या कोऱ्या चिठ्ठ्या, एका बाजूला इंग्रजी शब्द, पाठीमागे जपानी अर्थ, आणि आगगाडीच्या गर्दीत एका हाताने कडी धरून अंगठ्याने चिठ्ठी उलटीत जाणारा विद्यार्थी. दुसरी पद्धत तांबड्या पारदर्शक पत्र्याची. पुस्तकात अर्थ तांबड्या शाईने छापलेले असतात; प्लास्टिकचा तो तांबडा पत्रा पानावर ठेवला की अर्थ अदृश्य होतो, इंग्रजी शब्द काळा तेवढा उरतो, आणि विद्यार्थी स्वतःची परीक्षा घेत पत्रा खाली सरकवीत जातो. युक्ती मोठी नामी आहे, आणि पाठांतराचा तिरस्कार करणाऱ्यांपैकी मी नाही. पहिले तीन-चार हजार शब्द याहून स्वस्त मार्गाने मिळत नाहीत. पण प्रगत शब्दांच्या बाबतीत त्या पत्र्याखाली काय झाकले जाते ते पाहा. 'इन्कर' हे क्रियापद घ्या. यादीत त्याच्यापुढे 'मानेकु' हा जपानी शब्द असतो, आणि त्याच्या आधी कंसात हानी, रोष इत्यादी अशी टीप असते. 'मानेकु' म्हणजे ओढवून घेणे, आणि 'मानेकु' म्हणजेच पाहुण्यांना निमंत्रण देणे. घाईत पत्रा सरकविणारा विद्यार्थी कंस वाचीत नाही. तो जोडी पाठ करतो, आणि पुढे निबंधात पाहुण्यांना 'इन्कर' करण्यास मोकळा होतो. इंग्रजीत कर्ज, तोटा, खर्च आणि वरिष्ठांची नाराजी अशाच नकोशा गोष्टी 'इन्कर' केल्या जातात. मराठी माणसाला हे एका शब्दात समजते, कारण आपल्याकडेही संकट ओढवते, मरण ओढवते. लॉटरी ओढवल्याचे कोणी ऐकलेले नाही. यादीतील जोडीने अर्थ कळतो. शब्दाची चांगली-वाईट संगत कळण्यास तो शब्द त्याच्या सोबत्यांसह पुनःपुन्हा भेटावा लागतो.

प्रगत पायरी म्हणजे नेमकी कोणती, हे आकड्यांत सांगणे शक्य आहे. न्यूझीलंडमधील अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली असा हिशेब मांडला, की कोणाच्या मदतीवाचून इंग्रजी कादंबरी किंवा वृत्तपत्र वाचण्यास ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे (मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे मिळून एक कुटुंब) अवगत असावी लागतात. त्या स्थितीत शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव शब्द परिचित असतात, म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर सहाच अडतात. जपानच्या शालेय अभ्यासक्रमात पूर्वी माध्यमिक आणि उच्च माध्यमिक मिळून ३,००० शब्दांची तरतूद होती; २०२० पासून क्रमाक्रमाने अमलात आलेल्या नव्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळा धरून ती ४,००० ते ५,००० पर्यंत नेण्यात आली. शब्द मोजण्याच्या दोन्हीकडच्या रीती भिन्न आहेत हे सांगून ठेवतो, तरीही शाळा सोडणारा विद्यार्थी आणि स्वतंत्र वाचक यांच्यामध्ये कित्येक हजार शब्दांचे रान उरते हे उघड आहे. या रानाचा कोणी वाली नाही. शाळेचे काम संपलेले असते, विद्यापीठ ते आपले समजत नाही, आणि मधली सारी जहागीर १९६३ पासूनच्या एइकेन परीक्षेच्या आणि १९७९ पासूनच्या टोइक परीक्षेच्या मार्गदर्शिका छापणाऱ्यांना आंदण मिळालेली असते.

हे रान ओलांडण्यासाठी जपानी विद्यार्थ्याजवळ दोन स्वतःची साधने आहेत, आणि त्यांचा उपयोग पुरेसा होत नाही अशी माझी तक्रार आहे. पहिले साधन चिनी अक्षरांचे. १८६८ नंतरच्या मेइजी काळात पाश्चात्त्य कल्पनांसाठी निशी आमाने आणि त्यांच्या समकालीनांनी चिनी अक्षरे जोडून शेकडो शब्द पाडले. तत्त्वज्ञानासाठी 'तेत्सुगाकु' हा शब्द निशींचा. आपण हेच काम संस्कृत धातूंकडून करवून घेतले. परिणाम असा, की इंग्रज मुलाला 'ॲक्रोफोबिया' हा शब्द अपारदर्शक, कारण ग्रीक त्याला येत नाही. जपानी मुलाला मात्र त्याचा प्रतिशब्द उंच-जागा-भय-व्याधी अशा अक्षरांत लिहिलेला दिसतो, आणि त्यातले एक अक्षर बदलून बंद-जागा केले की 'क्लॉस्ट्रोफोबिया' तयार होतो. केइओ विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ सुझुकी ताकाओ यांनी चिनी अक्षरांच्या या पारदर्शकतेचे समर्थन मोठ्या हिरिरीने केले. माझे म्हणणे एवढेच, की हीच अक्षरे पूल म्हणून उलट दिशेनेही वापरता येतात: ग्रीक-लॅटिन घटकाला एक अक्षर नेमून दिले, की शंभर शब्द शंभरदा पाठ करण्याचा त्रास वाचतो. विज्ञान, वैद्यक, कायदा या क्षेत्रांत, म्हणजे प्रगत शब्दांचा भरणा जेथे आहे तेथेच, हा पूल सर्वांत भक्कम आहे.

दुसरे साधन याहून सूक्ष्म आहे. जपानी भाषेत देशी, चिनी आणि पाश्चात्त्य असे तीन थर आहेत, आणि प्रत्येक जपानी माणसाला ते कानाने ओळखता येतात. मुक्कामाच्या जागेला 'यादोया' म्हटले की जुनी साधी धर्मशाळा-खाणावळ डोळ्यांपुढे येते, 'र्‍योकान' म्हटले की चटयांची रीतसर जपानी अतिथिगृहे, आणि 'होतेरु' म्हटले की पलंग आणि गालिचे. सुरू करण्याला देशी शब्द 'हाजिमेरु', चिनी वळणाचा 'काइशि सुरु'. इंग्रजीतील 'बिगिन' आणि 'कमेन्स' यांचे नाते याहून वेगळे नाही. आणि ज्याच्या भाषेत आरंभ करणे तत्सम आणि सुरू करणे फारशी आहे, त्या मराठी माणसाला तर हे स्पष्ट करून सांगण्याचीही गरज नाही. शब्द कोणत्या दरबारात चालतो आणि कोणत्या ओसरीवर, हे प्रगत शब्दसंग्रहाचे निम्मे ज्ञान आहे, आणि ते ज्ञान जपानी विद्यार्थी स्वतःच्या भाषेत रोज वापरतो. तरीही यादीत 'बिगिन' आणि 'कमेन्स' या दोहोंपुढे 'हाजिमेरु' हाच एक शब्द छापणारे संपादक आढळतात. हातचे साधन वाया घालविण्याचा याहून चांगला नमुना दाखविता येणार नाही.

कातकाना लिपीत लिहिल्या जाणाऱ्या परकीय शब्दांना काहीजण तिसरे साधन समजतात. इंग्रजीतील पहिल्या ३,००० सर्वसामान्य शब्दांपैकी जवळजवळ निम्म्यांचे काही ना काही रूप जपानीत आलेले आहे, तेव्हा हे भांडवल लहान नव्हे. पण ते वटविताना सावध असावे. जपानी 'मान्शोन' म्हणजे मध्यमवर्गीयांच्या सदनिकांची इमारत, 'कुरेएमु' म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार, आणि 'कान्निंगु' म्हणजे परीक्षेतील नक्कल. चहा-भज्यांच्या दुकानाला हॉटेल आणि सज्जाला गॅलरी म्हणणाऱ्यांनी यावर हसण्याचे कारण नाही. आरंभी हे शब्द आधार देतात; वरच्या पायरीवर ते बहुधा वाट चुकवितात.

विपुल वाचनाचा मार्ग २००२ च्या सुमारास साकाइ कुनिहिदे यांनी लोकप्रिय केला: कोश उघडू नये, न कळलेले सोडून द्यावे, कंटाळा आल्यास पुस्तक बदलावे, आणि असे करीत दहा लक्ष शब्दांचे वाचन पुरे करावे. याने भाषेची भीती जाते, हे निर्विवाद. मात्र प्रगत शब्द म्हणजे व्याख्येनेच विरळ शब्द; दहा लक्ष शब्दांच्या वाचनात तो दोन-चारदा भेटेल, आणि न कळलेले सोडण्याची शपथ घेतलेला वाचक त्याला प्रत्येक वेळी सोडूनच देईल. म्हणून पाच हजारांच्या पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला मी उलट सल्ला देईन. त्याने वाचनाचे क्षेत्र अरुंद करावे. एकाच विषयावर, मग ते साथीचे रोग असोत, जहाजबांधणी असो वा करारांचा कायदा असो, सलग महिना-दोन महिने वाचावे. तेथे विरळ शब्दही वारंवार भेटतात, आणि भेटतात ते आपल्या नेहमीच्या सोबत्यांसह. भेटलेला शब्द वहीत लिहावा, पण तो एकटा कधीही लिहू नये; ज्या वाक्यात सापडला ते वाक्य, त्याच्या आगेमागे आढळलेले दोन-तीन शब्द, आणि तो आपण स्वतः लिहिण्यात वापरणार की केवळ वाचताना ओळखणार याची खूण, इतके टिपावे. ओळखण्यापुरते शब्द पुष्कळ असू द्यावेत. चालविण्याचे थोडे असले तरी चालेल. जपानी अर्थ लिहिण्यास माझी हरकत नाही, पण तो शेवटी लिहावा आणि अर्थाच्या थरासह लिहावा: देशी शब्दाला देशी, चिनी वळणाच्या शब्दाला चिनी वळणाचा. आणि हॉर्नबीचा कोश उघडल्यावर अर्थ सापडताच तो मिटण्याची घाई करू नये. ज्यासाठी तो कोश रचला गेला ती सामग्री अर्थाच्या खालच्या ओळींत असते.

उच्चाराचा विचार मी आज हेतुपुरस्सर बाजूला ठेवला आहे. इंग्रजीत एका अक्षराचा 'स्ट्राइक' जपानी कानाला सु-तो-रा-इ-कु असा पाच मात्रांचा ऐकू येतो, आणि तोच शब्द कामगारांच्या संपासाठी घेताना 'सुतोराइकि' असा निराळा होऊन बसतो. शब्द स्मरणात राहणे न राहणे या मात्रांवर कितपत अवलंबून असते, हा प्रश्न मोठा आहे आणि त्याला जपानी काव्याच्या मात्रागणनेपासून आरंभ करावा लागेल. तो उद्याच्या व्याख्यानाचा विषय आहे.